न्हाणीतला जाळ आणि धुराची वाट

[दृश्य: पौषातली पहाट. अंगणातला तांब्याचा बंब, वरच्या नळीतून निघणारा धूर.]

पौष महिन्यात विदर्भाच्या खेड्यांत पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा दिवसाचे पहिले काम आंघोळीचे पाणी तापवण्याचे असते. ज्या घरांत तांब्याचा बंब अजून टिकून आहे, तिथे तो अंगणात मांडलेला दिसतो आणि त्यात पऱ्हाट्या, तुराट्या किंवा गोवरीचे तुकडे जळत असतात. या बंबाची रचना नीट पाहण्यासारखी आहे. मधोमध उभी नळी, नळीच्या तळाशी जाळ, नळीभोवती पाणी. ताजी हवा खालून आत येते, धूर वरून बाहेर पडतो, आणि हे सगळे उघड्यावर घडते.

[दृश्य: नवी सिमेंटची न्हाणी, भिंतीवर पांढरा गिझर, बंद दार.]

स्वयंपाकाचा गॅस गावोगावी पोहोचला, 2016 मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने तो आणखी आतल्या वस्त्यांपर्यंत गेला, आणि काही घरांत त्याच्यामागून गॅसचा गिझर आला. लोकांनी तो घेतला त्याला सबळ कारण आहे. साध्या गिझरला विजेची गरज नसते. दोन बॅटरी सेलवर त्याची ठिणगी पडते, त्यामुळे पहाटे भारनियमन असले तरी पाणी तापते. मात्र अंगणातला जाळ न्हाणीच्या आत येताना बंबाची ती उभी नळी मागेच राहिली, आणि आमच्या मते खरी चूक तिथेच झाली.

आता थोडा हिशेब पाहू. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा लहान गिझर पूर्ण आचेवर पंधरा मिनिटांत साधारण पावशेर गॅस जाळतो, आणि तेवढा गॅस पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे तीन घनमीटर हवा लागते. चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच न्हाणीत एकूण हवा असते साडेपाच घनमीटरांच्या आसपास. दार लावलेले आणि थंडीमुळे जाळीच्या खिडकीवर प्लास्टिक ठोकलेले असेल, तर एकामागून एक दोघांच्या आंघोळी होईपर्यंत त्या हवेतला प्राणवायू बराच विरळ होतो. विरळ प्राणवायूत गॅस अर्धवट जळतो आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. गळती कळावी म्हणून सिलिंडरमधल्या गॅसमध्ये उग्र वासाचे रसायन मिसळलेले असते, पण जळाल्यावर ते तसे उरत नाही, म्हणून नाक इथे कामाला येत नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते. आधी डोके दुखते, मग गरगरते, मळमळते आणि पायांतले बळ जाते. कडी काढण्याचे भान येईपर्यंत हात उचलत नाही. एक गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. बोटाला लावून प्राणवायू मोजणारे साधे यंत्र अशा रुग्णातही आकडा चांगला दाखवू शकते, कारण त्याला या दोन वायूंनी व्यापलेल्या रक्तातला फरक ओळखता येत नाही. त्या आकड्यावर विसंबून माणसाला घरी झोपवू नये. दार उघडावे, माणसाला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि डॉक्टरांना 'गॅसच्या गिझरच्या न्हाणीत होता' हे आवर्जून सांगावे.

[दृश्य: मिस्त्री भिंतीला भोक पाडत आहे. पत्र्याची नळी, कोपर, टोपी.]

सर्वांत साधा उपाय म्हणजे गिझर न्हाणीत लावूच नये. उघड्या पडवीच्या भिंतीवर, पाऊस आणि थेट वारा लागणार नाही अशा जागी तो बसवावा आणि गरम पाण्याचा नळ तेवढा आत न्यावा. पडवी चहूबाजूंनी बंदिस्त असेल, किंवा गिझर आतच ठेवणे भाग असेल, तर धुराच्या नळीची सोय असलेलाच गिझर घ्यावा. ज्या गिझरला अशी सोय नाही, त्याला घरगुती जुगाड करून पाइप जोडू नये.

नळी धातूची असावी. पाण्याचा पीव्हीसी पाइप हाताशी असतो म्हणून अनेकदा तोच लावला जातो, पण उष्णतेने तो मऊ पडतो, वाकतो आणि सांध्यांतून सुटतो. गिझरच्या तोंडाची जी जाडी तीच शेवटपर्यंत ठेवावी. मध्येच बारीक नळी जोडली की वरची ओढ मंदावते आणि जळकी हवा घरात परत येते. गिझरपासून नळी आधी सरळ वर जाऊ द्यावी. आडवा भाग शक्य तितका आखूड आणि कोपर शक्य तितके कमी ठेवावेत, आणि त्या आडव्या भागालाही दर फुटाला पाव इंच तरी चढ द्यावा. पंख्याच्या जोरावर धूर बाहेर टाकणाऱ्या गिझरची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या नळीचा उतार कंपनीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणेच ठेवावा, आणि वीज गेली की तो चालत नाही हेही घेण्याआधी ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे छत बहुधा टिनाचे किंवा कौलांचे आणि वासे लाकडाचे किंवा बांबूचे असतात. तापलेली नळी त्यांच्यापासून किमान सहा इंच दूर जावी. तिचे बाहेरचे तोंड गोठ्यात, गंजीजवळ किंवा शेजाऱ्याच्या खिडकीखाली उघडू नये. वर टोपी बसवावी, कारण पावसाचे पाणी जसे आत येते तसे चिमण्याही येतात, आणि एका घरट्याने संपूर्ण नळी बंद होते. दिवाळीआधी घराची साफसफाई होतेच. त्याच वेळी ही नळी उघडून पाहावी.

जळकी हवा जाण्याइतकेच ताजी हवा येणे गरजेचे आहे, आणि याकडे फार दुर्लक्ष होते. भिंतीत जमिनीलगत एक जाळीचा झरोका आणि छताजवळ दुसरा असावा. खालच्या झरोक्याचा आणखी एक उपयोग आहे: न जळालेला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो, आणि तिथून त्याला बाहेर पडायला वाट मिळते. ज्या खोलीत नैसर्गिक ओढीचा, म्हणजे पंख्याशिवाय धूर आपोआप वर जाऊ देणारा, गिझर आहे तिथे हवा बाहेर फेकणारा पंखा लावू नये. बंद खोलीत तो नळीतला धूर उलटा आत खेचतो.

[दृश्य: पेटती उदबत्ती गिझरच्या वरच्या फटीजवळ धरलेली.]

काम झाल्यावर खिडकी-दार लावून गिझर पाच मिनिटे पेटवावा आणि नळीच्या सुरुवातीच्या फटीजवळ उदबत्ती धरावी. धूर आत ओढला गेला, तर नळी काम करत आहे. धूर खोलीकडे वळला, तर गिझर तत्काळ बंद करून दोष शोधावा. ज्वालाही पाहावी. ती निळी असावी. पिवळी पडत असेल किंवा नळीवर काजळी दिसत असेल, तर कारागीर येईपर्यंत गिझर पेटवू नये.

[दृश्य: अंगणातून दिसणारी नळीची टोपी, पहाटेचे धुके.]

गॅस जळताना त्यातल्या हायड्रोजनचे पाणी होते. म्हणून या थंडीत, आत कुणी आंघोळीला बसले असताना, टोपीतून अशी पांढरी वाफ निघताना दिसते आणि छताच्या वर जाऊन विरते.