सांगण्याआधी थोडं विचारू या

श्रोतेहो, नमस्कार.

स्थळ नाकारताना "पत्रिका जुळत नाही" असं कळवायची आपल्याकडे रीत आहे. ती मला मनापासून पटते. मुलीच्या रंगाबद्दल, मुलाच्या नोकरीबद्दल कुणी काही बोलत नाही. नकार पोचतो, पण घाव बसत नाही. मात्र तोच नकार "कळवतो, कळवतो" करत महिनाभर टांगून ठेवला, तर तो समोरच्याचा छळ होतो. बोलण्यातलं तारतम्य म्हणजे खरं दडपणं नव्हे. ते कधी, कुठे, किती सांगायचं याचं भान असणं.

कॅन्सरसारख्या आजाराची बातमी रुग्णाला कशी सांगावी, हे डॉक्टरांना रीतसर शिकवलं जातं. २००० साली अमेरिका-कॅनडातल्या डॉक्टरांनी त्यासाठी 'स्पाइक्स' ही सहा पायऱ्यांची पद्धत मांडली. त्यात प्रत्यक्ष बातमी येते चौथ्या पायरीवर! आधी एकांताची जागा बघायची आणि खुर्ची ओढून बसायचं. मग रुग्णाला विचारायचं, "आजाराबद्दल तुम्हाला आतापर्यंत काय काय कळलंय?" त्यानंतर, "सगळं सविस्तर सांगू, की मोजकंच?" बातमी सांगून झाली की त्याला रडू द्यायचं, गप्प बसू द्यायचं. उपचारांचं बोलणं सगळ्यात शेवटी.

आपल्याकडे नातेवाईक डॉक्टरांना दाराबाहेरच गाठतात, "त्यांना काही सांगू नका हं." माया असते त्यात, पण आत पडलेला माणूस सगळ्यांचे चेहरे वाचत असतो. त्याला बँकेची कागदपत्रं लावायची असतात, एखाद्या बहिणीला भेटायचं असतं. ते कुणी त्याला विचारतच नाही. हे मला फार चुकीचं वाटतं.

आणि कुणी गेल्यावर आपण भेटायला जातो, तिथलं बोलणं तर ऐकवत नाही. आत बसल्या बसल्या प्रश्न येतो, "कसं काय झालं हो?" त्या घरातली लेक पुन्हा पहिल्यापासून सांगू लागते. छातीत दुखायला लागलं, रिक्षा मिळेना, हॉस्पिटलात पोचेपर्यंत... सकाळपासून आलेल्या प्रत्येकाला तिनं हेच सांगितलेलं असतं. तिचं संपतं न संपतं तोच कुणीतरी म्हणतं, "आधीच मोठ्या हॉस्पिटलात न्यायला हवं होतं." या एका वाक्यापायी ती रात्र रात्र जागणार आहे, याची बोलणाऱ्याला कल्पनाही नसते. माणसं वाईट नसतात हो, काळजीपोटीच बोलतात.

अशा घरी तपशील विचारूच नयेत. तिला बोलावंसं वाटलं तर ती आपणहून बोलेल; तेव्हा ऐकावं, मध्ये आपल्या काकांची आठवण काढू नये. गेलेल्या माणसाची एखादी चांगली आठवण असेल तर ती जरूर सांगावी. "काही लागलं तर कळवा" म्हणून उठू नये, कारण कुणी कळवत नसतं. त्यापेक्षा निघताना हळूच विचारावं, "उद्या सकाळचा डबा मी आणते. किती जणांचा आणू?"