गोळ्यापासून रेडिओपर्यंत

सकाळ. इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावरचं गांधीनगर स्टेशन. तीन डब्यांची मेट्रो शिरतेय. माझे काका मात्र गाडीकडे नाही, रुळाकडे बघताहेत. महू-खंडवा मीटरगेजवर ते स्टेशनमास्तर होते.

“सिग्नल कुठाय गं?”

त्यांच्या हाताला सवय वेताच्या कडीची. कडीला चामड्याची पिशवी, पिशवीत टोकनचा गोळा. तो ड्रायव्हरच्या हाती पडला, की गाडी सुटणार. एका वेळी यंत्रातून गोळा एकच निघे, म्हणून दोन स्टेशनांमध्ये गाडीही एकच.

इंदूर मेट्रोसाठी घेतलेल्या सीबीटीसी, म्हणजे रेडिओ-संदेशांवर गाड्या चालवणाऱ्या यंत्रणेत तो गोळा जणू रेडिओवरून येतो. गाडी आपली जागा सतत कळवत राहते आणि संगणक सांगतो, इथपर्यंत जा, पुढे नको.

पण लोकांची ये-जा चालू असताना अशी यंत्रणा बदलायची कशी?

लंडनच्या भुयारी रेल्वेत ज्युबिली मार्गावर ती 2011 मध्ये पुरती लागू झाली, पण त्यासाठी कित्येक शनिवार-रविवार मार्ग बंद ठेवावा लागला. नॉर्दर्न मार्गावर तंत्र तेच होतं. तिथे मात्र एकेक तुकडा बदलत गेले आणि 2014 मध्ये काम संपलं, बंदही फार कमी ठेवावा लागला. आधीचा त्रास त्यांनी वाया जाऊ दिला नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या मेट्रोत 1998 साली बसवलेली यंत्रणा रोज सकाळी फ्लॉपी घालून सुरू करत. ती बदलण्याचा 21 कोटी 20 लाख डॉलरचा करार 2024 मध्ये मंजूर झाला. बोगदा शंभर वर्षं टिकतो, संगणक नाही टिकत.

इंदुरात 31 मे 2025 ला धावला तो सहा किलोमीटरचा पहिला तुकडा. आखलेलं वर्तुळ सुमारे 31 किलोमीटरचं. म्हणजे पुढचा तुकडा जोडताना दर वेळी चालू मार्गाच्या संगणकात हात घालावा लागणार. मला वाटतं, खरी परीक्षा तीच. नव्या आज्ञावलीने आधी रात्री, प्रवासी नसताना, नुसता हिशेब मांडावा. गाडी जुनीनेच चालवावी. दोन्हींचा ताळा रोज जुळला, तरच कारभार नवीकडे द्यावा. आणि बिनसलं तर पहाटेच्या पहिल्या गाडीआधी जुनीवर परत येता यायला हवं.

काका मान डोलावतात. “आमचं यंत्र बंद पडलं, की कागदावर लाइन क्लिअर, म्हणजे पुढे जायची परवानगी, लिहून द्यायचो. नव्या पोरांकडून ते आधी घोटून घ्यायचो.”

गाडी थांबते, दारं उघडतात. काका आत न शिरता फलाटावरच्या तरुण कर्मचाऱ्याला गाठतात.

“बाळा, हे सगळं बंद पडलं, तर तू काय करतोस? दाखव बरं.”