इंटरनॅशनल ऑफिसची खुर्ची

(पडद्यावर १८८५ सालचं कृष्णधवल छायाचित्र)

निवेदन :

फिलाडेल्फिया, १८८५. छायाचित्रातल्या तिघीही डॉक्टरकी शिकायला आलेल्या. नऊवारीतल्या आपल्या आनंदीबाई जोशी, त्यांच्या शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लाम्बुली. तिघींचं महाविद्यालय एकच, वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया.

१८८३ साली आनंदीबाई अमेरिकेत पोहोचल्या, तेव्हा त्यांना घरी नेलं न्यू जर्सीच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी. महाविद्यालयात त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या डीन रेचेल बॉडली. दोघींनी त्यांना पोटच्या मुलीसारखं जपलं. पण परक्या देशातली थंडी, न मानवणारं अन्न, एकटेपण आणि वरून अभ्यासाचा ताण, याची दखल घेणारी कुठलीही यंत्रणा महाविद्यालयात नव्हती. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचं निधन झालं. क्षयावर तेव्हा औषधच नव्हतं, त्यामुळे दोष कुणाला देणार? पण त्या काळी दूरदेशी शिकायला गेलेल्या मुलीचं बरंवाईट तिला भेटणाऱ्या माणसांच्या चांगुलपणावर अवलंबून होतं, एवढं मात्र खरं.

हा चांगुलपणा रोजच्या कामाच्या पद्धतीत कसा आणायचा, आणि विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणारं कार्यालय, म्हणजे इंटरनॅशनल ऑफिस, चालवणारी माणसं कशी घडवायची, हे शिकायला जगाला पुढची अनेक दशकं लागली.

(दृश्य : जुन्या बंदरावर उतरणारे प्रवासी, हातात ट्रंका)

पहिलं महायुद्ध संपलं आणि १९१९ मध्ये न्यूयॉर्कला इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल एज्युकेशन सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशी विद्यार्थ्यांचा ओघ वाढला. विद्यापीठांनी त्यांच्यासाठी सल्लागार नेमले, पण त्या सल्लागारांना शिकवणारं कुणी नव्हतं. मग १९४८ मध्ये त्यांनी आपली संघटना उभी केली. तीच आजची नाफ्सा. पुढे जबाबदारी सल्ला देण्यापुरती राहिली नाही. विद्यापीठाचं सगळं आंतरराष्ट्रीय धोरण आखणारे वरिष्ठ अधिकारी तयार झाले आणि १९८२ मध्ये त्यांची वेगळी संघटना आली, एआयईए. युरोपात १९८७ ला इरास्मस योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी एकमेकांच्या विद्यापीठांत गेले. दोनच वर्षांत, १९८९ मध्ये, युरोपातल्या अशा अधिकाऱ्यांचीही संघटना उभी राहिली. या संघटना अधिवेशनं भरवतात, त्याचबरोबर आपल्या लोकांसाठी रीतसर प्रशिक्षणही चालवतात.

शिकण्यासारखं त्यात असतं तरी काय?

सगळ्यात आधी कायदा. अमेरिकेत परदेशी विद्यार्थी घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला एक अधिकारी नावानिशी नेमावा लागतो. विद्यार्थ्याने किती विषय घेतले, पत्ता बदलला का, शिक्षण अर्ध्यावर सोडलं का, हे सगळं तो सेव्हिस नावाच्या सरकारी संगणक प्रणालीत नोंदवतो. २००३ पासून हे बंधनकारक आहे. एखादी नोंद राहून गेली, तर विद्यार्थ्याचा देशात राहण्याचा हक्कच धोक्यात येऊ शकतो. चूक कार्यालयाची, भोगायचं विद्यार्थ्याने.

ऑगस्ट २०१२ मध्ये लंडनला काय झालं, ते बघा. लंडन मेट्रोपोलिटन विद्यापीठाचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवाना ब्रिटिश सरकारने रद्द केला. हजेरीवर नीट लक्ष नाही, विद्यार्थ्यांच्या इंग्रजीची खातरजमा नाही, काहींकडे देशात राहण्याची परवानगीच नाही, असे आक्षेप होते. दोन हजारांहून जास्त विद्यार्थी एका दिवसात लटकले. त्यातल्या बहुतेकांनी फी भरली होती, वर्गात बसले होते, नियमाने वागले होते. पुढच्याच महिन्यात न्यायालयाने सध्याच्या विद्यार्थ्यांना तात्पुरता दिलासा दिला, आणि नंतर विद्यापीठाला परवाना परतही मिळाला. पण मधल्या दिवसांत त्या मुलांच्या घरी, देशोदेशी, काय चाललं असेल याचा विचार केला की या खुर्चीचं वजन कळतं.

(दृश्य : सीमेवरची रांग, पाठीवर सॅक घेतलेली मुलं)

दुसरी गोष्ट, संकट. मार्च २०२० मध्ये वसतिगृहं रिकामी करायचे आदेश निघाले. स्थानिक मुलं घरी गेली. विमानंच बंद असलेल्या देशातल्या मुलांनी कुठे जायचं? फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, तेव्हा भारताने सुमारे २२,५०० लोकांना परत आणलं. त्यात मोठा भरणा वैद्यकीच्या विद्यार्थ्यांचा होता, आणि महाराष्ट्रातलीही अनेक मुलं होती. अशा वेळी निर्णय तासाभरात घ्यावे लागतात. यादी कुणाकडे आहे, दूतावासात कुणाला फोन करायचा, पालकांशी कुणी बोलायचं आणि काय बोलायचं, हे आधी बसवलेलं नसेल तर त्या तासाभरात सुचत नाही. म्हणून प्रशिक्षणात प्रसंग देऊन सराव करून घेतात. मध्यरात्री फोन येतो, विद्यार्थी रुग्णालयात आहे, घरच्यांना तुमची भाषा येत नाही. बोला, पुढे काय?

तिसरी गोष्ट, करार. परदेशी विद्यापीठाशी सामंजस्य करारावर सह्या होतात, फोटो निघतो, फाइल कपाटात जाते. त्या करारावर एक तरी विद्यार्थी गेला का, एक तरी आला का, हे विचारणारा माणूस तयार करणं हा प्रशिक्षणाचा मोठा भाग आहे. पाच जिवंत करार पन्नास मृत करारांपेक्षा मोलाचे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

(दृश्य : पुणे. फर्ग्युसन महाविद्यालयाची वसतिगृहं, मग सेनापती बापट रस्ता)

आपल्याकडे या कामाची सुरुवात माणुसकीतूनच झाली. फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवणारे डॉ. शां. ब. मुजुमदार वसतिगृहाचं काम पाहत होते. मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने आजारी पडला. खोलीतून उठून जेवायला जायचीही ताकद त्याच्यात नव्हती. एक मुलगी त्याला खिडकीतून डबा देताना मुजुमदारांना दिसली, आणि परदेशी मुलांचे हाल त्यांच्या मनात घर करून राहिले. त्यातूनच १९७१ साली सिंबायोसिस उभी राहिली, ती परदेशी विद्यार्थ्यांना आपलं वाटावं असं सांस्कृतिक केंद्र म्हणून. पुण्याने याचा अभिमान जरूर बाळगावा.

पण प्रत्येक विद्यापीठाला मुजुमदार कसे मिळणार? बऱ्याच ठिकाणी आंतरराष्ट्रीय विभागाचं संचालकपद म्हणजे एखाद्या प्राध्यापकाकडे दिलेला अतिरिक्त कार्यभार असतो. तास घ्यायचे, प्रबंध तपासायचे, आणि उरलेल्या वेळात व्हिसा, विदेशी नागरिक नोंदणी, पदव्यांची समकक्षता, वसतिगृहातल्या तक्रारी. ही मंडळी अक्षरशः जीव ओतून काम करतात. दोन-तीन वर्षांत नियम तोंडपाठ होतात, दूतावासातली माणसं ओळखीची होतात, आणि कार्यभार बदलतो. नवा माणूस पहिल्यापासून सुरुवात करतो.

धोरणात मात्र सगळं आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने परदेशी विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत त्यांच्यासाठी कार्यालय असावं असं म्हटलं. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याची मार्गदर्शक तत्त्वं दिली. २०२२ मध्ये परदेशी विद्यापीठांबरोबर संयुक्त पदवीचे नियम आले, त्यात दोन्ही संस्थांमधून किमान ३० टक्के श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, मिळवण्याची अट आहे. हे श्रेयांक जुळवायचे तर दोन देशांच्या परीक्षापद्धती मुळातून कळायला हव्यात. प्रशिक्षणाच्या योजनाही आहेत. २०१८ मध्ये केंद्राने आणलेल्या लीप कार्यक्रमात प्राध्यापकांना दोन आठवडे देशात आणि एक आठवडा परदेशात नेतृत्वाचं शिक्षण होतं. शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या मालवीय मिशनच्या विषयांमध्येही शैक्षणिक नेतृत्व आहे. पण त्या यादीत आंतरराष्ट्रीय शिक्षण हा स्वतंत्र विषय नाही, आणि खरी अडचण इथेच आहे. कार्यालय उघडायला सांगितलं, ते चालवणारा घडवायची सोय केली नाही.

२०१९-२० मध्ये भारतात १६८ देशांतले ४९,३४८ विद्यार्थी होते. बाहेर शिकणारे आपले विद्यार्थी मात्र तेरा लाखांच्या पुढे गेलेत. परदेशी मुलं इथे कमी येतात याची कारणं अनेक आहेत. त्यातलं एक तरी आपल्या हातातलं आहे. विमानतळावर उतरल्यापासून पदवी मिळेपर्यंत त्या मुलाला एकच जाणता माणूस भेटला, तर तो घरी फोन करून धाकट्या भावालाही इथेच ये म्हणून सांगतो.

(दृश्य : नवी मुंबई, विमानतळाचा परिसर)

जून २०२५ मध्ये मुंबईत पाच परदेशी संस्थांना भारतात शैक्षणिक संकुल उघडण्यासाठी इरादापत्रं दिली गेली. त्यात स्कॉटलंडचं अ‍ॅबर्डीन, इंग्लंडचं यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठ आणि अमेरिकेची इलिनॉय टेक आहे. त्यांच्या कार्यालयांमध्ये शिकून तयार झालेली माणसं बसतील. शेजारच्या आपल्या विद्यापीठांना त्यांच्याशी बरोबरीने बोलायचं असेल, तर संचालकपद पूर्णवेळ हवं, मुदत किमान पाच वर्षांची हवी, आणि रुजू होण्याआधी काही आठवड्यांचं सक्तीचं प्रशिक्षण हवं. पुण्यामुंबईत यातलं काम वीस-वीस वर्षं केलेली निवृत्त मंडळी आहेत. ती शिकवायला तयार होतील. त्यांना आता बोलावणं जायला हवं.