माळरानावर डबलसीट

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात कौन्सिल ग्रोव्हपासून कॅसोडेपर्यंत जाणारा के-१७७ हा रस्ता ४७ मैलांचा, म्हणजे साधारण ७६ किलोमीटरचा. फ्लिंट हिल्सच्या बुटक्या टेकड्यांमधून तो दक्षिणेला उतरत जातो. सुट्टीच्या दिवशी या रस्त्यावर मोटरसायकली दिसतात आणि त्यातल्या पुष्कळांवर मागे कुणीतरी बसलेलं असतं. आजचं बोलणं या डबलसीट बसणाऱ्यासाठी. चालवणाऱ्याला शिकवणारे खूप असतात. मागच्याला मात्र ‘घट्ट धर’ एवढंच सांगतात, आणि ते पुरत नाही.

सुरुवात घरीच होते. गाडीच्या पुस्तकात एकूण भार लिहिलेला असतो. समजा, तो १८० किलो आहे. चालवणारा ८० किलोचा, मागचा ६५ चा. हेल्मेट, जॅकेट, बूट यांचे १२ किलो धरले, तर सामानाला उरतात २३ किलो. पाण्याच्या बाटल्या, रेनकोट, डबा यात ते बघता बघता संपतात. जड वस्तू खाली आणि सीटच्या जवळ ठेवायची. ती मागच्या पेटीत, चाकाच्याही मागे गेली की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल तरंगल्यासारखं वाटतं. टायरची हवा निघण्यापूर्वी, टायर थंड असताना बघायची. बऱ्याच गाड्यांवर एकट्याचा आणि दोघांचा आकडा वेगळा दिलेला असतो. मागच्या शॉकअबचा ताणही वाढवावा लागतो. तो तसाच राहिला तर गाडी मागून बसते, हेडलाइट वर उचलला जातो आणि वळणात स्टँड रस्त्याला घासतो.

आता बसायचं. चालवणाऱ्याने गाडी सरळ उभी करून दोन्ही पाय टेकलेले आणि पुढचा ब्रेक दाबलेला असला पाहिजे. त्याने मान हलवल्याशिवाय पाय उचलायचा नाही. डावीकडून यायचं, एक हात त्याच्या खांद्यावर, उजवा पाय सीटवरून पलीकडे. पाय छोटा असेल तर डावं पाऊल फूटरेस्टवर ठेवून चढावं लागतं; तेव्हा अंग गाडीवर झुकलेलं ठेवायचं. बाहेर कललात तर तुमचं सगळं वजन गाडीला डावीकडे ओढतं. बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे असतो, म्हणून पोटरी तिथे टेकणार नाही हे बघा. बूट घोट्याच्या वर जाणारे हवेत आणि नाड्यांची टोकं आत खोचलेली. ओढणी किंवा मफलर घालायचाच नाही. चेन आणि मागचं चाक तुमच्या पावलापासून वीतभर अंतरावर फिरत असतं, आणि त्यात कापड अडकलं की गळ्याला फास बसायला क्षणही लागत नाही. आपल्याकडे दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसायची सवय जुनी आहे. कॅन्ससचा कायदा मात्र दोन्हीकडे पाय टाकून, तोंड पुढे करूनच बसायला सांगतो. हेल्मेटची सक्ती तिथे १८ वर्षांखालच्यांनाच आहे. वय कितीही असो, हेल्मेटशिवाय बसू नये, हे मी ठामपणे सांगतो.

गाडी सुटली की एक हात चालवणाऱ्याच्या कमरेला, दुसरा मागच्या दांडीला. कमरेच्या हाताने गाडी वेग घेताना आधार मिळतो, दांडीच्या हाताने ब्रेक लागताना. कचकन ब्रेक लागला की मागचा पुढे सरकतो, त्याचं सगळं ओझं चालवणाऱ्याच्या मनगटांवर येतं आणि नेमकं तेव्हाच त्याला हँडल मोकळं हवं असतं. गुडघे आवळून धरायचे. पुढे रस्ता दिसत राहिला तर ब्रेक येणार हे आधीच कळतं. हेल्मेटवर हेल्मेट आपटण्याचं कारण बहुतेक वेळा मागच्याची नजर भलतीकडे असणं हेच असतं. वळणात आतल्या बाजूच्या खांद्यावरून बघायचं. डावं वळण, तर डावा खांदा. मान तिकडे गेली की अंग आपोआप गाडीबरोबर कलतं. भीतीने उलट बाजूला ताठ झालात तर गाडी वळण सोडून बाहेर जायला बघते. सिग्नलला थांबल्यावरही पाय फूटरेस्टवरच.

फ्लिंट हिल्समध्ये वळणं थोडी आणि खरी कसोटी वाऱ्याची. वारं बरेचदा दक्षिणेचं असतं. के-१७७ उत्तर-दक्षिण जातो, म्हणून जाताना ते छातीवर येतं, परतताना पाठीवर. पण स्ट्राँग सिटीला आडव्या जाणाऱ्या यूएस-५० वर वळलात की तेच वारं कुशीत लागतं. दोन माणसं म्हणजे शिडासारखा मोठा पसारा, गाडी वाऱ्याच्या बाजूला कलती ठेवूनच चालवावी लागते. रस्त्याकडेला ओसेज ऑरेंजच्या काटेरी झाडांचं कुंपण आलं, किंवा समोरून ट्रेलर गेला, की वारं एकदम तुटतं आणि पुढच्या क्षणी पुन्हा आदळतं. या झटक्याला मागच्याने चालवणाऱ्याच्या पाठीला जवळ सरकायचं, कोपर आणि गुडघे आत घ्यायचे, अंग सैल ठेवायचं. ताठ अंग प्रत्येक झोत हँडलपर्यंत पोचवतं.

याच वाऱ्यात घाम लगेच सुकतो, त्यामुळे तहान लागलेली कळत नाही. पाऊण तासाने थांबून पाणी प्यायचं, दोघांनीही. कानात फोमचे बोळे घालायचे. तासाला ६५ मैल वेगाने हेल्मेटमध्ये घोंगावणारा आवाज तासाभरात डोकं जड करतो. पेट्रोल कौन्सिल ग्रोव्हला भरून घ्या. पुढे मॅटफील्ड ग्रीनसारखी गावं इवलीशी आहेत.

हा माळ कुठून आला तेही थोडं सांगतो, कारण सीटवरून तो सगळ्यात चांगला मागच्यालाच दिसतो. चुनखडीत गारगोटीचे थर असल्याने इथे नांगर चालला नाही, म्हणून उंच गवत राहिलं. उत्तर अमेरिकेत एकेकाळी १७ कोटी एकरांवर ते होतं, आज ४ टक्क्यांहूनही कमी उरलंय. स्ट्राँग सिटीच्या उत्तरेला १९९६ साली त्याचं राष्ट्रीय राखीव क्षेत्र झालं, सुमारे ११ हजार एकरांचं. २००९ मध्ये तिथे बायसन परत आणले. ते दिसले तरी १०० यार्डांच्या आत जाऊ नये. सप्टेंबर-ऑक्टोबरात बिग ब्लूस्टेम गवत माणसाच्या डोक्यावर जातं आणि तांबूस होतं. त्याच्या कणसाचे तीन फाटे टर्कीच्या पंजासारखे दिसतात. कॉटनवूड फॉल्सचं १८७३ मधलं चुनखडीचं न्यायालय पाय मोकळे करायला उत्तम जागा.

मार्चअखेर ते एप्रिल पशुपालक गवत मुद्दाम पेटवतात, नवीन कोंब फुटावेत म्हणून. धूर रस्त्यावर आडवा येतो. पलीकडचं दिसत नसेल तर आत शिरू नका. धुरात मध्येच थांबलात तर मागून येणारी गाडी तुम्हाला बघूच शकत नाही. वसंतात वादळंही याच महिन्यांपासून सुरू होतात आणि बहुतेक पश्चिमेकडून येतात. चालवणाऱ्याची नजर डांबरावर असते, म्हणून पश्चिमेचं आभाळ बघणं हे मागच्याचं काम. ढगाखाली पांढुरकी भिंत दिसली, की खांद्यावर दोनदा थाप द्यायची आणि जवळचं पक्कं घर, दुकान शोधायचं. पुलाखाली आसरा घेऊ नका. वावटळीत तिथे वारं उलट जोरात घुसतं.

आडरस्ते खडीचे आहेत. तिथून येणाऱ्या पिकअपच्या चाकांबरोबर खडी फाट्यावर डांबरात पसरते. गारगोटीचा तुकडा ब्लेडसारखा धारदार, टायर कापतो. पंक्चरचं सामान सीटखाली असू द्या. जनावरं अडवायला रस्त्यात बसवलेल्या लोखंडी पाइपांच्या जाळीवरून जाताना गाडी सरळ हवी, आणि मागच्याने दोन इंच उठून वजन फूटरेस्टवर घ्यायचं म्हणजे कंबरेला हिसका बसत नाही.

परतीची वेळ सांभाळा. सूर्य कलला की हरणं कुंपणाजवळ येतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात तर जास्तच. एक ओलांडून गेलं की दुसरं मागे असतं. तेव्हा मागच्याने उजवीकडची कड धरून बघायची. कॅसोडेला थांबाल तेव्हा दोन्ही हेल्मेटच्या काचांवर ओलं फडकं पाच मिनिटं ठेवा, मगच पुसा. सुकलेले किडे कोरडे घासले तर काचेवर ओरखडे पडतात आणि मावळतीच्या उन्हात त्याच ओरखड्यांमधून समोरचा रस्ता दिसेनासा होतो.