गाडी सांगू नका, माप सांगा

(भोसरीतल्या एका शेडमध्ये जुन्या डिझेल जीप बाळगणाऱ्यांसमोर झालेलं व्याख्यान. बोलणं थोडं आवरून लिहिलं आहे.)

मंडळी, बाहेर लावलेल्या गाड्या मघाशी एक फेरी मारून बघितल्या. महिंद्राच्या एमएम 540 आहेत, सीजे आहेत, आर्माडा आहे. बॉनेट उघडलं की मात्र दुसराच संसार दिसतो. कुणाचं मूळचं प्यूजो इंजिन जाऊन बोलेरोचं डीआय, म्हणजे डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं इंजिन, आलंय, तर एका मूळच्या पेट्रोल जीपमध्ये मॅटाडोरचं इंजिन बसलंय. ते मॅटाडोरचं म्हणजे मर्सिडीजच्या रचनेचं ओएम 616, इथेच आकुर्डीला बजाज टेम्पोत बनायचं. तेव्हा इंजिन बदलावं की नाही, हा वाद आज नको. तुमचं बदलून झालंय. आता ती गाडी चालती कशी ठेवायची, एवढंच बोलू.

माझा अनुभव असा, की इंजिन बदललेली गाडी रस्त्यात उभी राहते तेव्हा इंजिन बहुधा ठणठणीत असतं. गिअरबॉक्सही ठीक असतो. बिघडलेलं असतं ते या दोघांच्या मधलं काहीतरी: एखादी प्लेट, एखादा पाइप, एखादी वायर, एखादा ब्रॅकेट. कारण इंजिनाचं पुस्तक एका कारखान्यानं छापलं, चेसिसचं दुसऱ्यानं, आणि मधल्या वस्तू मिस्त्रीनं लेथवर किंवा वेल्डिंगच्या टेबलावर बनवल्या. त्यांचं पुस्तक कुणीच छापलेलं नाही. ते तुम्हाला लिहावं लागतं.

पुण्यात नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या बाजारात जाऊन बघा. काउंटरवरचा माणूस पहिलं काय विचारतो? "कुठली गाडी, काका?" तुम्ही म्हणता, एमएम 540. तो प्यूजोची क्लचप्लेट काढून देतो. घरी येऊन बघता, तर तुमच्या फ्लायव्हीलला ती बसत नाही, किंवा बसते पण गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकत नाही. अशा दुकानात गाडी सांगू नका, माप सांगा. प्लेटचा बाहेरचा व्यास किती, मधले दाते किती, रिलीज बेअरिंगचा नंबर काय. फॅनबेल्टवर नंबर छापलेला असतो. तो झिजून पुसायच्या आत वहीत उतरवा. वरचा होज पाइप कुठल्या गाडीचा कापून लावलाय, थर्मोस्टॅट किती अंशांचा आहे, अल्टरनेटरच्या बेअरिंगचा नंबर काय, हे सगळं एका वहीत. ती वही गाडीत ठेवा आणि पानांचा फोटो फोनमध्ये. माणिकडोहकडे कुठेतरी अडकलात आणि घरून कुणी सामान घेऊन निघालं, तर काय आणायचं ते त्याला नेमकं सांगता आलं पाहिजे.

आता डिझेलकडे येऊ. बहुतेक रडगाणी इथलीच असतात.

सकाळी गाडी एका सेल्फला सुरू होते, अर्धा मिनिट चालते, बंद पडते, आणि मग सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते. याचा अर्थ रात्रीत कुठूनतरी हवा धरली आणि लाइनमधलं डिझेल मागे टाकीत उतरलं. पंपात उरलेल्या डिझेलवर ती अर्धा मिनिट चालली, एवढंच. मिस्त्री लगेच पंप उतरवायची भाषा करतो. त्याला थोडं थांबवा. पंपाच्या तोंडाशी हातभर पारदर्शक पाइप तात्पुरता जोडा आणि इंजिन चालू करून बघा. बुडबुडे आले तर दोष पंपाच्या आधी आहे. मग मागे मागे जायचं: फिल्टरच्या डोक्यावरचं सील, हातपंपाचा डायफ्रॅम, बँजो बोल्टचे, म्हणजे नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे, तांब्याचे वॉशर, टाकीतली उभी नळी. डिझेल गळत नाही म्हणून सांधा चांगला, असं इथे धरता येत नाही. ओढीच्या बाजूचा सांधा डिझेल बाहेर टाकत नाही, हवा आत घेतो. बाहेरून अगदी कोरडा दिसतो.

तांब्याचा वॉशर परत वापरायचाच असेल तर लाल करून पाण्यात टाका, मऊ होतो. नवा मिळत असेल तर नवाच घाला; त्या पैशात कटिंग चहासुद्धा येत नाही.

मूळ पेट्रोलची गाडी असेल तर अजून एक गंमत असते. पेट्रोलच्या टाकीला परतीची नळी नसायची. डिझेलला ती लागते, कारण पंप आणि नोझल जास्तीचं डिझेल परत पाठवतात. काही ठिकाणी काय करतात, तर टाकीला भोक पाडायचा कंटाळा म्हणून परतीची नळी टी लावून सरळ पुढच्या लाइनीतच जोडतात. मग तेच गरम डिझेल, तीच हवा, गोल गोल फिरत राहते. परतीची नळी टाकीतच गेली पाहिजे. टाकी उतरवा, स्वच्छ धुवा, वाफ पूर्ण घालवा, आणि मगच तिला हात लावा. रिकाम्या टाकीवर वेल्डिंग म्हणजे बॉम्बवर वेल्डिंग.

डिझेलचा इंजेक्शन पंप इनलाइन नसून रोटरी जातीचा असेल तर आणखी जपा. इनलाइन पंपाच्या कॅमला इंजिन ऑइल मिळतं. रोटरीचं सगळं वंगण म्हणजे त्यातून जाणारं डिझेल. पाणी गेलं की त्याचं आतलं काम संपलं. वॉटर सेपरेटर लावा, पावसाळ्यात त्याचा तळाचा स्क्रू वरचेवर सोडून बघा. एप्रिल 2020 पासून देशभर बीएस 6 डिझेल मिळतं, त्यात गंधक 10 पीपीएमपर्यंत खाली आलंय. वंगणाचा गुण राखायला कंपन्या त्यात अ‍ॅडिटिव्ह घालतात, तेव्हा त्याची धास्ती नको. पण जुने कडक झालेले रबरी सील बदललेल्या डिझेलला गळायला लागतात. पंप ओला दिसायला लागला तर सील किट बदलून घ्या. दोन-स्ट्रोकचं ऑइल टाकीत ओतायचे प्रयोग मला पटत नाहीत.

आणि रोटरीवर डिझेल बंद करायचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा खटका, असतो. चालत्या गाडीचा आवाज एकदम, कापल्यासारखा बंद झाला, तर आधी त्याची वायर बघा. बॅटरीपासून तिथपर्यंत पोचेल एवढी एक फ्यूज लावलेली वायर गाडीत असू द्या.

नोझलचंही सांगतो. प्यूजो किंवा ओएम 616 मध्ये डिझेल आधी छोट्या कोठडीत फवारलं जातं. त्याचं पिंटल नोझल साधारण 115 ते 130 बारला उघडतं. डीआयचं अनेक छिद्रांचं नोझल 200 बारच्या वर. तेव्हा टेस्टिंगला देताना नोझलसोबत इंजिनाचं नाव चिठ्ठीवर लिहून द्या. इथे मात्र गाडी सांगून चालणार नाही, आणि नुसतं मापही चालणार नाही.

आता तापणं. ताम्हिणी चढताना काटा वर जातो, मग सगळे मोठ्या रेडिएटरच्या मागे लागतात. थांबा. पहिला प्रश्न, तो काटा खरं बोलतोय का? सेन्सर एका कंपनीचा आणि डॅशबोर्डवरचा मीटर दुसऱ्या कंपनीचा असला तर काटा वाटेल ते दाखवतो. सेन्सर काढा, वायर जोडलेली ठेवा, त्याच्या बॉडीला अर्थिंग द्या आणि उकळत्या पाण्यात बुडवा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे, इथे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. काटा जिथे थांबेल तिथे काचेवर मार्करनं खूण करा. ती तुमची 98 ची खूण.

खरंच तापत असेल तर पंखा बघा. डीआय इंजिन प्यूजोपेक्षा पाण्यात कमी उष्णता टाकतं, त्यामुळे चांगल्या अवस्थेतला मूळ रेडिएटर बऱ्याचदा पुरतो. पण नवं इंजिन आखूड असलं की पंखा रेडिएटरपासून वीतभर मागे राहतो आणि त्याच्यावरचं कव्हर कुणीतरी भंगारात दिलेलं असतं. मग पंखा बॉनेटखालचीच गरम हवा ढवळतो. पत्र्याचं कव्हर बनवून घ्या. पाती निम्मी कव्हरच्या आत, निम्मी बाहेर, आणि पात्याचं टोक कव्हरपासून बोटभर लांब. इंजिन फाउंडेशनच्या रबरावर हलतं, म्हणून ते अंतर लागतं.

दुसरं म्हणजे उंची. बदललेल्या इंजिनाचं हेड रेडिएटरच्या झाकणापेक्षा वर आलं असेल, तर सगळी हवा हेडमध्ये जाऊन बसते. तुम्ही रेडिएटर काठोकाठ भरता आणि हेड कोरडं असतं. अशा गाडीला सगळ्यात उंच जागी एक छोटी टाकी हवी आणि प्रेशरचं झाकण त्या टाकीवर. नुसतं पाणी घालू नका, कूलंट घाला. आणि चिखलातून आल्यावर रेडिएटर धुताना पाणी इंजिनाच्या बाजूनं पुढे मारा, म्हणजे आलेला चिखल आल्या वाटेनं जातो. प्रेशर वॉशर जवळून मारलात तर पाकळ्या आडव्या पडतील.

हवेच्या फिल्टरचा पाइप हा तिसरा ठेवणीतला शत्रू. फिल्टर महागाचा, पण फिल्टरपासून इंजिनापर्यंतचा रबर चिरलेला किंवा क्लॅम्प सैल. मुळशीकडच्या कच्च्या रस्त्याची बारीक धूळ तिथून सरळ आत जाते आणि रिंगा खाते. फिल्टर ते इंजिन या पाइपात पांढरं फडकं घालून आतून पुसा. फडक्याला माती लागली तर ती आज सापडली हे नशीब. पाण्यातून गाडी घालणाऱ्यांनी हवा ओढायचं तोंड कुठे आहे, हेही बघून ठेवा. डिझेल सिलिंडरमध्ये पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो.

ब्रेककडे जरा लक्ष द्या, कारण यात जीव जातो. पेट्रोल इंजिनात ब्रेक बूस्टरला लागणारा व्हॅक्युम मॅनिफोल्डमधून मिळतो. डिझेलला तो नसतो. म्हणून आपल्याकडच्या बऱ्याच डिझेलांना अल्टरनेटरच्या पाठीवर व्हॅक्युम पंप असतो, आणि त्या पंपाला इंजिनमधून बारीक ऑइल पाइप येतो. तो पाइप एक्झॉस्टला किंवा ब्रॅकेटला घासत असेल आणि फुटला, तर इंजिनाचं ऑइल रस्त्यावर जातं आणि थोड्या वेळात ब्रेकही लाकडासारखा होतो. एकाच नळीत दोन्ही गोष्टी. दर सर्व्हिसिंगला त्या नळीवरून हात फिरवा. आणि ऑइल प्रेशरचा नुसता दिवा नको, मीटर लावा.

अर्थिंगबद्दल मिस्त्री लोक हसतात, पण हसू द्या. इंजिन रबरावर बसलेलं असतं, रबरातून करंट जात नाही. बॅटरीची निगेटिव्ह केबल चेसिसला, आणि चेसिसपासून इंजिनापर्यंतची पट्टी बसवायची राहून गेली, तर सेल्फचा करंट दुसरी वाट शोधतो. ती वाट म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल. केबल गरम होते, आतलं आवरण वितळतं, आणि एक दिवस अ‍ॅक्सिलरेटर दाबलेलाच राहतो. मग लोक केबल बदलतात. पुन्हा तेच. जाड पट्टी इंजिनापासून चेसिसपर्यंत, रंग खरवडून, नट आवळून.

प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे त्याच्या टोकांचे सांधे, वरचेवर जात असतील तर ग्रीसला दोष देऊ नका. गिअरबॉक्सच्या तोंडाचा आणि डिफरन्शियलच्या तोंडाचा कोन मोजा. फोनमधल्या लेव्हलनं सुद्धा काम भागतं. दोन्ही टोकांचे कोन जवळजवळ सारखे हवेत. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी अ‍ॅडॉप्टर प्लेट बसवताना दोघांचा मध्य जुळलाय का, हे डायल गेज लावूनच बघायचं. पाच हजारांश इंचापेक्षा जास्त फरक असेल तर पुढचं बेअरिंग आणि क्लचप्लेटचा मधला भाग लवकर जाणार. भोसरीत डायल नसलेलं वर्कशॉप शोधून दाखवा मला.

कागदांचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा आरसीवरच्या नोंदी वेगळ्या होतील असा बदल चालत नाही. आरटीओची मंजुरी आधी घ्यायची, इंजिनाचं बिल आणि मूळ गाडीचे कागद जपायचे. विमा कंपनी क्लेमच्या वेळी इंजिन नंबर बघते, तेव्हा उशीर झालेला असतो.

(एका श्रोत्यानं विचारलं: डीआय टाकल्यावर एक्सप्रेसवेला शंभरनं जाता येईल का?)

हिशोब करा. सीजे 3 बीचा अ‍ॅक्सल 5.38 रेशोचा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे 5.38 फेरे. सहा-सोळाच्या टायरचा एक फेरा साधारण सव्वादोन मीटर. टॉप गिअर सरळ, एकास एक धरला तर इंजिनाच्या मिनिटाला 3000 फेऱ्यांना ताशी 75 किलोमीटर होतात. तिथे डीआय ओरडायला लागतं. इंजिनात ताकद आहे, पण अ‍ॅक्सल तिला पळू देत नाही. 4.88 चा क्राउन-पिनियन घातला तर त्याच फेऱ्यांना 83. म्हणजे शंभर तरीही नाहीच. आणि बदलायचा ठरलाच, तर पुढचा आणि मागचा दोन्ही एकाच रेशोचे घ्या. दोन वेगळे राहिले आणि डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकलंत, तर ट्रान्सफर केस उघडायला इथेच यावं लागेल. चला, पुढचा प्रश्न कुणाचा होता? त्या प्यूजोच्या हीटर प्लगचा ना?