झोपेची वही: बायपोलर आजार घरात ओळखताना

[दृश्य: गोव्याच्या डिचोली तालुक्यातलं एक घर. बाहेर काळोख. स्वयंपाकघरात दिवा, भांड्यांचा आवाज.]

पहाटेचे साडेतीन. घरातला माणूस रात्री एकला आडवा झाला आणि आता उठून फडताळं पुसतोय. काल तेच, परवाही तेच. तरी दिवसा थकवा नाही, डोळे जड नाहीत, उलट बोलण्याला वेग आलाय. घरचे म्हणतात, बरं झालं, दोन महिने अंथरुणात होता, आता हातपाय हलवायला लागला.

इथे थांबून पाहायला हवं. ज्याला झोप लागत नाही तो दुसऱ्या दिवशी मलूल असतो. उन्माद, म्हणजे मनाची आणि अंगातल्या जोराची आजारी भरती, चढू लागला की मात्र झोपेची गरजच कमी होते. तीन तास झोपून माणूस ताजातवाना. ज्याला पूर्वी नैराश्य येऊन गेलंय, त्याच्या घरात अशा दोन रात्री सलग दिसल्या तर तिसरीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावं.

[दृश्य: भिंतीवरचं दिनदर्शिकेचं पान.]

बायपोलर, म्हणजेच द्विध्रुवीय मनोविकार. यात कधी उन्माद येतो, कधी नैराश्य, आणि दोन्ही दिवसांत आणि आठवड्यांत मोजतात. सकाळी राग, दुपारी हसू, संध्याकाळी रडू, एवढ्यावरून हे निदान होत नाही. उन्माद निदान सात दिवस टिकतो, किंवा त्याआधीच रुग्णालयात न्यावं लागेल इतका तीव्र होतो. त्याचं सौम्य रूप किमान चार दिवसांचं. नैराश्य किमान दोन आठवडे, बहुतेक दिवसभर. पूर्ण उन्माद एकदा जरी येऊन गेला तरी पहिला प्रकार. सौम्य उन्माद आणि मोठं नैराश्य, तर दुसरा.

निदान चुकतं ते बहुधा एकाच जागी. माणूस डॉक्टरांकडे जातो तो नैराश्यात. अंगात उत्साह सळसळत होता त्या दिवसांना कुणी आजार म्हणत नाही, म्हणून ते सांगितलेच जात नाहीत. मग नुसती नैराश्याची गोळी सुरू होते, आणि बायपोलर असलेल्या काहींमध्ये ती एकटी गोळी उन्मादाकडे ढकलू शकते. म्हणून पहिल्या भेटीला घरातलं एक माणूस बरोबर असावं. कमी झोपूनही जोरात होते असे दिवस कधी आले, तेव्हा पैसे कसे खर्च झाले, घराण्यात कुणाला असं झालं होतं का, हे त्यानं न विचारता सांगावं. थायरॉइडचा आजार किंवा स्टिरॉइडची गोळी चालू असेल तर तेही. दोन्हींमुळे मन असंच वरखाली होऊ शकतं.

[दृश्य: मांडवीच्या पाण्यात कॅसिनोच्या बोटींचे दिवे. मोबाइलवर पैसे गेल्याचा संदेश.]

रोजच्या जगण्यात सर्वांत खोल घाव पैशांचा. उन्मादात कर्ज काढलं जातं, जमिनीचा व्यवहार तोंडी पक्का होतो, एका रात्रीत पगार कॅसिनोत जातो. हप्ता भरायची वेळ येते तेव्हा तोच माणूस नैराश्यात असतो. आंघोळीला उठणं जड, फोन वाजला की छातीत धडधड. वसुलीचा फोन त्याच अवस्थेत घ्यावा लागतो. यावर उपाय बरं असताना करून ठेवायचा: मोबाइलवरून पैसे पाठवण्याची रोजची मर्यादा कमी ठेवायची, बचतीची ठेव दोघांच्या सहीची करायची, आणि मोठ्या खरेदीआधी दोन रात्री मध्ये जाऊ द्यायच्या.

याहून धोक्याची अवस्था मिश्र. मन काळोखात आणि अंगात उन्मादाची तडफड, दोन्ही एकाच वेळी. जिवाला अपाय करण्याचा धोका इथे फार मोठा असतो. मरणाची भाषा निघाली तर माणसाला एकटं सोडू नये, घरातल्या गोळ्या आणि कीटकनाशक कुलपात ठेवावं, आणि 108 ला फोन करावा.

[दृश्य: साधी शाळकरी वही. पेन्सिलीनं आखलेले रकाने.]

वहीत रोज पाच गोष्टी लिहाव्यात. झोपण्याची वेळ, उठण्याची वेळ, मन उणे तीनपासून अधिक तीनपर्यंत कुठे होतं, गोळी घेतली की नाही, आणि त्या दिवशी वेगळं काय घडलं. दोन मिनिटांचं काम. मन किती, हा आकडा माणूस चुकू शकतो, कारण उन्मादात सगळंच छान वाटतं. झोपेचे तास तसे फसवत नाहीत, म्हणून आमचा भर त्या रकान्यांवर आहे. उठणं, पहिलं जेवण, कामाची सुरुवात, रात्रीचं जेवण आणि झोप यांच्या वेळा जितक्या ठरलेल्या, तितकं शरीराचं घड्याळ स्थिर.

[दृश्य: पेडण्यातल्या देवळासमोर दशावताराचा रंगमंच. पेट्रोमॅक्स. मृदंग.]

गोव्यात हे सोपं नाही. जत्रेतला दशावतार पहाटेपर्यंत चालतो, शिगम्यात रात्री उशिरापर्यंत ढोल, चवथीला घरोघरी आरत्या. एक जागरणही उन्माद पेटवायला पुरेसं ठरू शकतं. जत्रा टाळा, असं आम्ही म्हणत नाही. आख्यान सुरू झालेलं पाहून अकराला घरी यावं, गोळी नेहमीच्या वेळी घ्यावी. एक रात्र गेलीच, तर दुसरी जाऊ देऊ नये. हॉटेलात किंवा वेर्ण्याच्या कारखान्यात पाळ्या बदलत असतील तर डॉक्टरांचं पत्र देऊन कायमची दिवसपाळी मागता येते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दीर्घकालीन मानसिक आजारही येतो, हे मागताना माहीत असावं.

[दृश्य: रक्त घेणारी परिचारिका. टेबलावर लिथियमची पट्टी.]

आता लिथियम, या आजारातलं मन स्थिर ठेवणारं औषध. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी 1949 मध्ये उन्मादावर त्याचा गुण प्रसिद्ध केला. आजही उन्माद आणि नैराश्य परत येऊ न देण्यात त्याचा हात धरणारी औषधं थोडी आहेत, आणि आत्महत्येचा धोकाही ते कमी करतं. पण गुणाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर थोडं. नेहमीच्या देखभालीसाठी रक्तातली पातळी लिटरमागे साधारण 0.6 ते 0.8 मिलिमोल ठेवतात, उन्मादात थोडी जास्त. 1.5 च्या वर विषबाधेचा धोका ठळक होतो.

हे रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं. रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला रक्त. वाळपईहून बांबोळीच्या रुग्णालयात कदंबाच्या बसनं येणाऱ्यानं सकाळची गोळी पिशवीत आणावी आणि रक्त दिल्यावरच घ्यावी. आधी घेतली तर आकडा खोटा चढा येतो आणि डॉक्टर विनाकारण डोस कमी करतात. मूत्रपिंड आणि थायरॉइडची तपासणी दर सहा महिन्यांनी.

मूत्रपिंड लिथियमला मिठासारखंच वागवतं. शरीरात मीठ कमी पडलं की ते मीठ धरून ठेवतं, आणि सोबत लिथियमही अडतं. म्हणून अळणी उपवास आणि निर्जळी नको. वैशाखातला घाम, पावसाळ्यातले जुलाब, उर्राकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, मोसमातलं पिणं, यांतल्या प्रत्येकात पातळी चढू शकते. उकड्या तांदळाची पेज मीठ घालून, पाणी रोज सारख्या प्रमाणात. मीठ अचानक वाढवणंही बरं नव्हे, त्यानं पातळी घसरते. गुडघा दुखला म्हणून फार्मसीतून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नये, पॅरासिटामॉल चालतं. रक्तदाबाच्या काही गोळ्याही पातळी वाढवतात, तेव्हा प्रत्येक डॉक्टरला लिथियमचं नाव सांगावं.

बोटं बारीक थरथरणं पुष्कळांना होतं. हात मोठे हलू लागले, उलट्या, अडखळती जीभ, चालताना झोक जाणं, असं दिसलं तर पुढची गोळी घेऊ नये आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

बाकी औषधांबद्दल थोडक्यात. व्हॅल्प्रोएटमुळे गर्भाला मोठा धोका, म्हणून मूल होण्याच्या वयात ते शक्यतो टाळतात. लॅमोट्रिजिन आठवड्या-आठवड्यांनी हळूहळू चढवतात. अंगावर पुरळ आलं तर लगेच दाखवावं. आणि बरं वाटलं म्हणून कुठलीही गोळी मनानं थांबवू नये, लिथियम तर नाहीच. एकदम सोडलं की उन्माद उसळून परत येऊ शकतो.

[दृश्य: देवळाचा गाभारा, मूर्तीवर कौलासाठी लावलेल्या पाकळ्या.]

गावात कौल लावतात, घाड्याकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे, जातात. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. देवाला विचारा, फक्त त्या काळात गोळी एक दिवसही चुकू देऊ नका.

[दृश्य: जेवणाच्या मेजावर कागद. दोन माणसं, एक पेन.]

शेवटचं काम बरं असतानाचं. एका कागदावर लिहावं: माझ्या पहिल्या खुणा कोणत्या, त्या दिसल्या तर मला कुणी सांगायचं आणि कोणत्या शब्दांत, एटीएम कार्ड आणि स्कूटरची किल्ली कुणाकडे द्यायची, कोणत्या गोळीचा मला त्रास झाला होता. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं उपचारांबद्दलची इच्छा आगाऊ लिहिता येते, आपला प्रतिनिधीही नेमता येतो. कायद्याच्या नमुन्यात कसं लिहायचं, ते बांबोळीच्या मनोविकार संस्थेत विचारावं. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेली मानस ही सरकारी मदतवाहिनी, 14416, मोफत. हे दोन्ही आकडे, 14416 आणि 108, कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहा, आणि कागद झोपेच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.