ग्वाल्हेर दरबारच्या एका दुनळीचा माग

श्रोतेहो, नमस्कार.

परदेशातल्या लिलावात एखादी जुनी शिकारी बंदूक येते. दस्त्यावर चांदीचा छोटा लंबगोल पत्रा असतो, त्यावर सूर्य आणि दोन बाजूंना दोन नाग कोरलेले असतात. एवढं दिसलं की यादीत ओळ छापली जाते, 'ग्वाल्हेरच्या महाराजांची बंदूक'. या एका ओळीने किंमत चढते आणि तीच पुढे त्या बंदुकीचा इतिहास होऊन बसते.

अशीच एक बारा बोअरची दुनळी कॅनडात निघाली. मूळचे आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले, आता तिकडे स्थायिक झालेले एक गृहस्थ आहेत. त्यांनी ती रीतसर परवान्यावर विकत घेतली आणि मला तिचे फोटो पाठवले. दरबारी कागद वाचणं हे माझं काम. त्यांचा प्रश्न सरळ होता, ही खरंच ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांची का? विकणाऱ्याने त्यांना एक गोष्टही सांगितली होती. महाराजांनी ही बंदूक एका इंग्रज अधिकाऱ्याला भेट दिली, 1947 साली तो ती घेऊन मायदेशी गेला आणि त्याच्या घरच्यांनी पुढे ती कॅनडात नेली.

गोष्ट ऐकायला छान आहे. पण बंदुकीचा माग काढताना गोष्ट शेवटी ऐकावी, आधी लोखंड वाचावं.

नळ्या सुट्या केल्या की त्यांच्या पोटाकडच्या सपाट भागावर बारीक शिक्के दिसतात. विलायतेत कुठलीही बंदूक तपासणीशिवाय विकता येत नाही, हा तिथला फार जुना कायदा. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला 1637 मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस 1813 च्या कायद्याने उभं राहिलं. तिथे नळीत नेहमीपेक्षा जास्त जोराचा बार भरून उडवतात. नळी फुगली नाही, तडकली नाही, तर शिक्का मिळतो. या शिक्क्यांचे नियम वेळोवेळी बदलत गेले, आणि आपल्याला तारीख हाती लागते ती त्या बदलांमुळे. उदाहरणार्थ, तोंडाशी आवळलेल्या, म्हणजे चोक नळीवर 1875 ते 1887 या काळात 'नॉट फॉर बॉल' असे शब्द ठोकत. अशा नळीतून अखंड गोळी मारू नये, असा त्याचा अर्थ. 1887 नंतर तिथे नुसतं 'चोक' आलं. आपल्या दुनळीवर बर्मिंगहॅमचा मुकुट आणि त्याखाली 'एनपी' ही अक्षरं आहेत. बिनधुराच्या नव्या दारूची तपासणी झाल्याची ही खूण 1904 च्या नियमांतली. म्हणजे बंदूक त्याआधीची नाही. माधवरावांचा काळ 1886 ते 1925, तेव्हा इथवर तरी यादीतली ओळ टिकते.

पण त्याच नळीवर आणखी एक शिक्का आहे, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. त्यात दर चौरस इंचाला तीन टन असा दाब लिहिला आहे. टनांत दाब लिहिण्याची पद्धत 1954 च्या नियमांनी आली. याचा अर्थ ही बंदूक 1954 नंतर कधीतरी पुन्हा विलायतेत तपासणीला गेली होती. जुनी बंदूक पुन्हा तपासणीला पाठवण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ती विकायची असते. नळी आतून झिजली, घासून साफ केली, मूळ मापापलीकडे गेली, की नव्या शिक्क्याशिवाय तिथला दुकानदार ती कायद्याने विकू शकत नाही. एका अधिकाऱ्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेली भेट, ही गोष्ट इथे पहिल्यांदा ढिली पडते. ती खोटी ठरली असं मी म्हणत नाही. पण ती सांगणाऱ्याने या शिक्क्याचा हिशेब द्यायला हवा.

आता क्रमांक. चांगल्या बंदुकीचा क्रमांक चापाच्या कडीवर, नळ्यांवर आणि नळीखालच्या लाकडाच्या लोखंडी भागावर असा अनेक ठिकाणी असतो. सगळीकडे एकच आकडा असेल तर नळ्या मूळच्या. इथे तो जुळतो. शिवाय दोन नळ्यांमधल्या पट्टीवर सोन्याने '2' हा आकडा भरलेला आहे. तो जोडीतल्या दुसऱ्या बंदुकीचा. शिकारीत एक बंदूक हातात असे आणि मागे उभा असलेला माणूस दुसरी भरून तयार ठेवी, म्हणून बंदुका जोडीने घडवत.

पट्टीवर कारखान्याचं नाव होतं हे आपलं नशीब. हिंदुस्थानात आलेल्या कितीतरी विलायती बंदुकांवर घडवणाऱ्याचं नाव नसतंच, कलकत्त्याच्या दुकानदाराचं असतं. मँटन आणि रोडा ही त्यांतली मोठी नावं. रोडा कंपनी आपल्याला वेगळ्या कारणाने आठवते. 26 ऑगस्ट 1914 रोजी बंगालच्या क्रांतिकारकांनी तिच्या मालातून 50 माउझर पिस्तुलं पळवली होती. तर अशा दुकानदाराचं नाव असेल तर आधी खरा कारखाना शोधावा लागतो. नाव मिळालं की पुढची वाट सोपी, कारण विलायतेतल्या काही जुन्या कारखान्यांनी आपल्या खतावण्या जपल्या आहेत. क्रमांक कळवला आणि फी भरली की ते नोंदीचा उतारा देतात.

आपल्याला उतारा मिळाला. नळ्यांची लांबी, दस्त्याचं माप आणि गिऱ्हाईक म्हणून दोन शब्द: ग्वाल्हेर दरबार.

श्रोतेहो, इथे जरा थांबू या. दरबार म्हणजे महाराज नव्हेत. दरबार म्हणजे संस्थानचं सरकार, त्याचं खातं, त्याचा खजिना. स्वतः महाराजांसाठी घडवलेल्या बंदुकीचा दस्ता त्यांच्या खांद्याच्या आणि हाताच्या मापाचा असतो. या नोंदीत त्याच मागणीतल्या आणखी बंदुका आहेत आणि सगळ्यांचं माप एकच, सर्वसाधारण आहे. एका माणसाची निवड अशी नसते. ही शिकारखान्याची खरेदी आहे, म्हणजे पाहुण्यांच्या हाती देण्यासाठी भरलेला साठा. आणि पाहुणे तर सतत येत. 1905 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स आले, ते पुढे पंचम जॉर्ज झाले. 1922 मध्ये त्यांचे पुत्र आले. व्हाइसरॉय आणि त्यांचे पाहुणे वेगळेच. माधवरावांना शिकारीची इतकी जाण होती की वाघाच्या शिकारीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं. शिवपुरीच्या जंगलातली व्यवस्था, हाके, मचाणं, बंदुकांची निगा, यामागे एक अख्खं खातं राबत होतं. बंदुका पुसणारे, तेल देणारे, काडतुसांचा हिशेब ठेवणारे कारकून होते, आणि त्यांतले कितीतरी आपल्या मराठी घरांतले. दुनळीवर सर्वांत जास्त हात फिरला तो यांचा. मालकीच्या इतिहासात त्यांचंही नाव यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मग भेटीचं काय? महाराज बंदुका भेट देत, यात शंका नाही. पण इंग्रजांच्या राजकीय खात्यातल्या अधिकाऱ्याला संस्थानिकाकडून मिळालेली भेट स्वतःकडे ठेवण्याची मुभा नव्हती. ती सरकारी तोषखान्यात, म्हणजे भेटवस्तूंच्या भांडारात जमा करावी लागे. म्हणून 'रेसिडेंटला', म्हणजे संस्थानातल्या इंग्रज प्रतिनिधीला, 'भेट दिलेली' असं कुणी सांगितलं की मी तोषखान्याची नोंद मागतो. सरदारांना किंवा दुसऱ्या संस्थानांच्या राजांना दिलेल्या भेटींना ही अडचण नव्हती.

कागद शोधायचे तर तीन ठिकाणं धरावीत. 1878 च्या शस्त्र कायद्यानंतर संस्थानांसाठी येणाऱ्या शस्त्रांना इंग्रजांची परवानगी लागे, आणि तो पत्रव्यवहार रेसिडेन्सीच्या फायलींत पडला. त्या फायली दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. संस्थानचं स्वतःचं दप्तर मध्य प्रदेशच्या राज्य अभिलेखागारात. तिसरं ठिकाण 'जयाजी प्रताप' या साप्ताहिकाचे जुने अंक. पाहुणे कोण आणि कधी आले, ते त्यात सापडतं. दप्तर पाहताना एक लक्षात ठेवा. ग्वाल्हेरच्या कागदांवर विक्रम संवत असतो. इसवी सन काढायला त्यातून 57 वजा करा, आणि महिना संवताच्या शेवटाकडचा असेल तर 56. एवढ्याशा गोष्टीने नोंद एका वर्षाने सरकते आणि मग पाहुणे व बंदूक यांची गाठच पडत नाही.

1925 मध्ये माधवराव पॅरिसला वारले. त्यांचे पुत्र जिवाजीराव लहान होते म्हणून 1936 पर्यंत कारभार रीजन्सी कौन्सिलकडे, म्हणजे त्यांच्या वतीने राज्य पाहणाऱ्या मंडळाकडे होता. 28 मे 1948 ला मध्यभारत हे नवं राज्य झालं, संस्थानची खाती नव्या सरकारात गेली. 1959 चा शस्त्र कायदा आला, आणि 1971 मध्ये संस्थानिकांचे तनखेही गेले. या सगळ्या उलथापालथीत सिलेखान्यांतलं, म्हणजे शस्त्रागारांतलं किती काय विकलं गेलं! बंदूक परत आणता येईल का, असं मला विचारतात. आज शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, पण तो 1972 चा कायदा 5 एप्रिल 1976 पासून लागू झाला, आणि तेव्हा ही दुनळी शंभरीची नव्हती. तिला चोरीचा माल म्हणायला मला काही आधार दिसत नाही. ती परत यावी याहून तिच्याबद्दल खरं तेच लिहिलं जावं, ही माझी इच्छा मोठी आहे. त्या गृहस्थांनी आपल्या कागदावर आता 'ग्वाल्हेर दरबारच्या शिकारखान्यासाठी घेतलेली, जोडीतली दुसरी' असं लिहिलं आहे.

राहिला तो मधला काळ, शिकारखान्यातून निघून विलायतेतल्या त्या दुसऱ्या शिक्क्यापर्यंतचा. त्याचा कागद कदाचित तुमच्याच घरात असेल. आपल्याकडे सरदारांच्या, मानकऱ्यांच्या आणि शिकारखान्यात नोकरी केलेल्यांच्या घरी जुने शस्त्रपरवाने अजून सापडतात. परवान्यावर बंदुकीचा बोअर, कारखान्याचं नाव आणि क्रमांक लिहिलेला असतो. वाटणीच्या यादीत, विक्रीच्या पावतीतही तो असतो. शिकारीच्या जुन्या फोटोंच्या मागे नावं आणि संवत लिहिलेला असेल तर तोही पाहा. बर्मिंगहॅमची बारा बोअर दुनळी आणि पट्टीवर सोन्याचा एक किंवा दोन, असा उल्लेख कुठे आढळला तर कागद आहे तसाच ठेवा, त्याचा स्वच्छ फोटो काढा आणि आकाशवाणीच्या पत्त्यावर पाठवा. जोडीतली पहिली बंदूक कुठे आहे, तेही अजून शोधायचं आहे.

नमस्कार.